घंटा गेल्यानंतर

वसईतला म्हातारा माणूस जुन्या गोष्टी सांगायला बसला की बहुधा घंटांपासून सुरुवात करतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि इथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. माझे आजोबा ही गावे बोटांवर मोजत आणि थांबत. त्यांची खरी गोष्ट त्यानंतर सुरू व्हायची.

"घंटा गेल्या. मग लोकांना मिस्साला बोलावलं कुणी?" ते आम्हा पोरांना विचारत. उत्तर आम्हाला पाठ होतं, तरी आम्ही गप्प राहायचो, कारण ते त्यांनीच सांगायला हवं होतं. आळीतल्या पहिल्या घराने दुसऱ्याला हाक द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटच्या घराने उलट हाक द्यायची, म्हणजे निरोप पोचला हे सगळ्यांना कळे. एखादं घर मधेच गप्प राहिलं तर शेजारी जाऊन बघत, कुणी आजारी तर नाही ना. त्यांनी हे त्यांच्या आजोबांकडून ऐकलं होतं आणि त्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून.

घराण्यात चालत आलेली ही गोष्ट आहे, तिला मी इतिहास म्हणणार नाही. पण तिच्यामागचा इतिहास पक्का आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतर दोनशे वर्षं फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि इतर संघांचे परदेशी धर्मगुरू इथे होते. किल्ला पडल्यावर ते पोर्तुगीज सैन्याबरोबर निघून गेले. मागे राहिले मोजके एतद्देशीय धर्मगुरू आणि शेतकरी, कोळी, मीठ पिकवणारे ख्रिस्ती लोक. राज्यकर्ते गेले तशी त्यांची श्रद्धाही जाईल असं कुणालाही वाटलं असतं. ती गेली नाही. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी, माणिकपूर, रमेदी ही धर्मग्रामं, म्हणजे पॅरिश, आजही नांदती आहेत. मधल्या काळात ती कुणी टिकवली, असं विचारलं तर एकट्या पाद्रींकडे बोट दाखवून भागत नाही.

वसईचा स्वतःचा संत बघा. गोन्सालो गार्सिया इथे जन्मला, पूर्वेकडे गेला, व्यापार केला, जपानी भाषा शिकला आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद दिलं. त्याला कधी धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली नव्हती. शिकवणं, दुभाष्याचं काम करणं आणि सोबत्यांबरोबर मरणाला सामोरं जाणं, एवढंच त्याने केलं. भारतातला पहिला संत मिस्सा अर्पण न करणारा माणूस होता, हे आमच्या प्रवचनांत फार कमी वेळा येतं.

आमच्या लहानपणी चर्च गावात होतं, पण देवाचं रोजचं ठिकाण आळीतला क्रूस हे होतं. पांढरा चुना लावलेला, पायथ्याशी पणतीसाठी कोनाडा. वसईत असे क्रूस आळीआळीत दिसतात. मुंबईच्या गावठाणांतले काही १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. संध्याकाळी तिथे रोजरी व्हायची. फादर वर्षातून एखाद्या वेळी, क्रुसाच्या सणाला येत. बाकीचे सगळे दिवस लोकांचे. रोजरीला सुरुवात कुणी करायची, लितानी कुणी उचलायची, हे ठरलेलं होतं. लॅटिन न शिकलेली माणसं संपूर्ण लितानी लॅटिनमध्ये सुरात म्हणत, आणि एखाद्याने नाव गाळलं तर मागून म्हातारीचा आवाज येई आणि सगळे तिथून पुन्हा सुरू करत.

आजी भाजी आणि सुकेळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची. तांदूळ शिजत घालताना ती एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकी. आळीतल्या प्रत्येक घरात असं मडकं होतं. क्रुसाच्या सणाआधी मडकी एकत्र रिकामी होत. त्यातून सणाचं जेवण होई, आणि उरलेले तांदूळ त्या वर्षी ज्या घरात मरण झालं असेल तिथे जात. सणाच्या दुसऱ्या दिवशी थोरले काका क्रुसाच्या पायरीवर उभे राहून वहीतून हिशेब वाचत. मेणबत्त्या किती, वाजंत्र्यांना किती, तेलाला किती. कुणीही मधेच थांबवून विचारू शकत असे. लोकांचा कारभार म्हणजे काय, हे मी त्या पायरीवर शिकले. नंतर वाचलेल्या कुठल्याही दस्तऐवजापेक्षा ते शिक्षण जास्त खोल गेलं आहे.

तरी जुनं ते सगळं सोनं होतं असं म्हणणार नाही. वही वाचणारे काका नेहमी काकाच असत. मूठभर तांदूळ बायकांचे, पण ते कुठे जावेत हे पुरुष ठरवत. बायका ओसरीच्या कडेला उभ्या राहून ऐकत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा आवाज त्याहून मागे. गोव्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. तिथल्या कोंफ्रारिया, म्हणजे सणाचा, दफनाचा, वेदीच्या देखभालीचा भार उचलणारी प्रापंचिकांची बंधुमंडळं. त्यांनी चर्चं सांभाळली हे निर्विवाद. पण कित्येक गावांत त्यांचं सभासदत्व गावकरांपुरतं आणि जातीपुरतं राहिलं. मिरवणुकीत अंगरखा कुणी घालायचा यावरून वर्षानुवर्षं तंटे चालले. धर्मगुरूच्या हातातून सत्ता निघून चार घरांच्या हातात गेली तर त्याला सहभाग म्हणता येत नाही.

आजोबा १९६४ च्या डिसेंबरमध्ये ओव्हल मैदानावर गेले होते. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. वसईहून गाड्या भरभरून माणसं गेली. त्या गर्दीची गोष्ट आजोबा शेवटपर्यंत सांगत. त्यांना ठाऊक नव्हती ती गोष्ट मी फार उशिरा वाचली. पोप २ डिसेंबरला मुंबईत उतरले, त्याआधी अकराच दिवस, २१ नोव्हेंबरला, त्यांनी रोममध्ये व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजावर सही केली होती. त्या दस्तऐवजाचं दुसरं प्रकरण देवाच्या प्रजेवर आहे आणि बिशप-धर्मगुरूंवरचं प्रकरण तिसरं आहे. हा क्रम परिषदेत विचारपूर्वक ठरला. आधी बाप्तिस्मा घेतलेली सगळी माणसं, मग त्यांच्या सेवेसाठी अधिकारी. ओव्हलवर उन्हात उभे असलेले माझे आजोबा त्या दुसऱ्या प्रकरणातले होते.

व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि वेदी लोकांकडे वळली. पण कारभार वळायला आणखी वेळ लागला. १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी ठरवलं की शेजारच्या दहापंधरा घरांचा लहान समूह हाच ख्रिस्तसभेचा पाया धरायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत फ्रिट्झ लोबिंगर आणि ओस्वाल्ड हिर्मर यांनी अशा समूहांसाठी बैठकीची साधी रीत बसवली. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकात लहान ख्रिस्ती समूहांचं काम सुरू झालं, त्यामागे बिशप बॉस्को पेन्हा यांचा मोठा ध्यास होता. वसई तेव्हा मुंबईचाच भाग होती. आमचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. दरम्यान १९९० मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशियातल्या बिशपांनी सहभागी ख्रिस्तसभेचं ध्येय जाहीर केलं.

आमच्या आळीत समूहाची बैठक सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्यांना ती नवी वाटली नाही. "क्रुसाजवळची बैठक आता घरात आली," एवढंच आजी म्हणाली. पण एक गोष्ट खरोखर नवी होती. लुम्कोच्या रीतीत सात पायऱ्या आहेत. प्रभूला बोलवायचं, बायबलमधला उतारा वाचायचा, मनाला लागलेले शब्द मोठ्याने म्हणायचे, शांत बसायचं, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, मग आपल्या वस्तीत कोणतं काम करायचं ते ठरवायचं आणि शेवटी प्रार्थना. तिसऱ्या पायरीवर प्रवचन नाही. ज्याला जो शब्द लागला तो त्याने म्हणायचा, बस्स. त्या पायरीवर आमच्या शेजारची मावशी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलली. ती लिहिणं-वाचणं शिकलेली नव्हती. उतारा विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा होता. मावशीने "पाणी" एवढा एकच शब्द तीनदा उच्चारला. पाचव्या पायरीवर तिने सांगितलं की तिच्या विहिरीचं पाणी मचूळ होऊ लागलंय आणि सुनेला दोन हंड्यांसाठी टँकरची वाट बघावी लागते. सहाव्या पायरीवर कुणी इकडेतिकडे बघत बसलं नाही. टँकर कुठून भरतात, कुणाच्या जमिनीतून पाणी उपसतात, याची माहिती काढायला दोन माणसं नेमली गेली. त्यांतली एक मावशीच होती.

तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना पुढचं सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. ती शेतीसाठी, विहिरींसाठी, बेबंद बांधकामाविरुद्ध आणि गुंडगिरीविरुद्ध होती. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान एकत्र आले. फादर दिब्रिटोंची लेखणी आणि 'सुवार्ता' मासिक यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण मोर्च्याला येणारी माणसं आळीआळीतून आली होती, आणि आळीत बैठक घ्यायची सवय त्यांना आधीपासून होती. हा धागा चळवळीच्या इतिहासात ठळकपणे यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता अवघड भाग. १९८३ च्या चर्च कायद्याचं ५३६ वं कलम सांगतं की पॅरिश कौन्सिलला फक्त सल्ला देता येतो, निर्णय धर्मगुरूचा. ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची केली आहे. १२८७ वं कलम म्हणतं की लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा. पहिलं कलम सगळ्यांना माहीत असतं, उरलेली दोन फार थोड्यांना. एका धर्मग्रामात जुनी वास्तू पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा लोकांना ते मिस्सानंतरच्या सूचनेत कळलं. कौन्सिलच्या सभेत फादर म्हणाले, "तुमचं मत ऐकून घेतलं." आणि सभा संपली. आमच्यातला एक जाणता माणूस तेव्हा म्हणाला, "फादर, ऐकलंत हे बरं झालं. आता काय ऐकलंत तेवढं सांगा." त्या वाक्यावर कुणी हसलं नाही. पुढे तो माणूस सभांना आला नाही, आणि त्याच्यासारखे आणखी काही जण दुरावले. सल्ला देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचं काय झालं ते कळत नसेल तर तो पुढच्या खेपेला घरीच बसतो. माणसं उदासीन झाली अशी तक्रार मग व्यासपीठावरून ऐकू येते.

मात्र सगळा दोष धर्मगुरूंच्या पदरात टाकणंही मला मान्य नाही. वसई बदलली आहे. शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि त्या इमारतींत कोकणी, मल्याळम, तमिळ बोलणारी कॅथलिक कुटुंबं आली. वसई धर्मप्रांतात पूर्वेकडचे वारली पाडेही येतात. आमच्या आळीतल्या समूहाने त्यांना किती जागा दिली? क्रुसाच्या सणाच्या कमिटीत अजूनही जुन्याच घरांची आडनावं दिसतात. तिसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून रोजरीला येते, मागच्या खुर्चीवर बसते, वर्गणी देते आणि जाते. तिला वाचन करायला सांगितलं जातं, हिशेब वाचायला नाही. काकांनी आजीला जिथे ठेवलं होतं, तिथे आपण आज तिला ठेवलं आहे.

२०२१ पासून २०२४ पर्यंत पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मग्रामांतून मतं मागवून सिनड, म्हणजे बिशपांची सभा, घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात धर्मग्रामांतली सहभागाची मंडळं सक्तीची करावीत असा आग्रह आहे, आणि निर्णय कसा झाला ते लोकांना कळलं पाहिजे असंही म्हटलं आहे. मला यात मोठा आधार वाटतो. पण तो आधार वसईला कागदावर मिळून पुरणार नाही.

तुम्ही वसईत, उत्तनला, वांद्र्याच्या गावठाणात, गोव्यात किंवा आखातातल्या एखाद्या धर्मग्रामात असाल, तर तीन कामं तुमच्या हातात आहेत. पुढच्या बैठकीला जा आणि सहावी पायरी गाळली जात असेल तर ती मागा. तुमच्या क्रुसाच्या सणाची वही या वर्षी सगळ्यांसमोर वाचली जाईल असं बघा. आणि ती वाचायला, आजवर जिला कधी सांगितलं नाही, अशा बाईला उभं करा.