माल पोचला, माणूस अडकला : हॅनोव्हरआधीचे १२६ तास

परदेशातल्या प्रदर्शनाची तयारी म्हटली की आपण पेट्या मोजतो. पॅनेल, नमुने, कॅटलॉग, बॅनर, एक्स्टेन्शन बोर्ड. माणूस यादीत नसतो. तो काय, शेवटी विमानात बसतोच! एप्रिल २०१० मध्ये ही समजूत उघडी पडली. १९ एप्रिलच्या सोमवारी जर्मनीत दोन मोठी प्रदर्शने एकाच वेळी सुरू व्हायची होती : हॅनोव्हरचे औद्योगिक प्रदर्शन ‘हॅनोव्हर मेसे’ आणि म्युनिकला तीन वर्षांतून एकदा भरणारे बांधकाम यंत्रांचे ‘बाउमा’. दोन्हींकडचा माल केव्हाच मार्गी लागला होता. माणसे मात्र आकाशाने अडवली.

खालच्या घटनाक्रमात आइसलंड, इंग्लंड आणि जर्मनीच्या नोंदी प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. आर्वीचा कारखानदार मी कल्पिलेला आहे. आर्वी कापसाची बाजारपेठ. समजा, जिनिंग यंत्रांचे गिअर आणि बेअरिंग हाउसिंग बनवणाऱ्या इथल्या एका शेडमालकाने हॅनोव्हरला नऊ चौरस मीटरचा स्टॉल घेतला आहे. सगळ्या वेळा भारतीय आहेत. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिकडे सकाळी नऊला दार उघडेल तेव्हा आर्वीत साडेबारा वाजलेले असतील.

फेब्रुवारीअखेर : पेटी निघते

शेडच्या दारात लाकडी पेटी तयार होते. आत ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गिअर, मध्ये लाकडी आडणी. पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का आणि त्याशेजारी ‘एचटी’ ही अक्षरे : लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले, म्हणजे त्यात कीड उरली नाही, याची ही आंतरराष्ट्रीय खूण. शिक्का नसेल तर बंदरात माल कितीही चोख असो, पेटी अडते.

बरोबर एटीए कार्नेट. भारतात ते ‘फिक्की’ ही उद्योगसंघटना देते. मुखपृष्ठ हिरवे, भारतातून जाताना आणि परतताना पिवळी पाने, परदेशात शिरताना आणि निघताना पांढरी, मधल्या देशांतून जाण्यासाठी निळी. प्रदर्शनापुरता नेलेला माल परत आणणार असाल तर तिकडचे आयात शुल्क भरावे लागत नाही, हा त्याचा फायदा. त्यात मालाची एकेक नगाची यादी असते आणि मालाच्या वतीने कस्टमसमोर कोण उभे राहणार त्याचे नावही. आपला कारखानदार तिथे स्वतःचे एकट्याचे नाव लिहितो. ही चूक कागदावर दिसत नाही.

पेटी न्हावा-शेवाहून सुएझमार्गे हॅम्बुर्गला जाते. मालाचा विमा उतरवलेला आहे.

बुधवार, १४ एप्रिल, सकाळी सुमारे पावणेसात : १२६ तास बाकी

आइसलंडमध्ये मध्यरात्र उलटून तासभर झाला आहे. एयाफ्यालायोकुल या बर्फाच्छादित ज्वालामुखीचे मुख्य विवर फुटते. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या उतारावर लाव्हा उसळला होता तेव्हा पर्यटक बघायला जात होते. या वेळी लाव्हा बर्फाखालून येतो. पाणी आणि तापलेला खडक एकत्र आल्यावर खडकाचा काचेसारखा बारीक भुगा होतो आणि कित्येक किलोमीटर उंच उडतो. खाली पूर येतो. सुमारे ८०० लोकांना हलवले जाते. वारा आग्नेयेकडे, म्हणजे थेट युरोपकडे.

हॅनोव्हरच्या हॉलमध्ये सुतार, वायरमन, गालिचेवाले कामाला लागलेले असतात. आर्वीच्या पेटीचा निरोप तिकडच्या माल-एजंटाकडून येतो : पोचली. इकडे समाधान.

गुरुवार, १५ एप्रिल, दुपारी साडेचार : ९२ तास

लंडनमध्ये दुपारचे बारा. ब्रिटनचे आकाश बंद. भीती वायफळ नव्हती. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक जम्बो विमान क्वालालंपूरहून पर्थकडे जाताना जावाजवळच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली होती. राखेतली काच इंजिनच्या आत वितळते आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसते. ते विमान जकार्ताला कसेबसे उतरले. तेव्हापासून साधा नियम : राख असेल तिथे उडायचे नाही. किती राख चालेल याचा आकडा २०१० पर्यंत युरोपात कोणी ठरवलाच नव्हता.

संध्याकाळच्या बातम्यांत लंडनची विमाने रद्द. कारखानदाराचे तिकीट फ्रँकफर्टचे आहे. तो म्हणतो, ‘आपलं लंडन नाही ना!’

या घटनाक्रमातला हा कळीचा तास. जर्मनी अजून उघडी आहे. मुंबईत बसलेला माणूस त्याच रात्री विमान गाठू शकला असता. आर्वीतल्याला ते जमत नाही. कापसासाठी घातलेली आर्वी–पुलगाव नॅरोगेज बंद पडलेली. ३५ किलोमीटर रस्त्याने पुलगाव, तिथून मुंबईची रात्रगाडी. आर्वी ते मुंबई विमानतळ म्हणजे एक अख्खी रात्र, आणि ही रात्र कोणाच्या नियोजनात नव्हती.

शुक्रवार, १६ एप्रिल, सकाळी साडेअकरा : ७३ तास

फ्रँकफर्ट विमानतळ बंद होतो. बर्लिन, हॅम्बुर्ग आधीच गेलेले. अमेरिकेहून परतणाऱ्या जर्मन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचे विमान लिस्बनला वळवले जाते. सरकारच्या प्रमुखालाही घरी उतरता येत नाही, तिथे साध्या तिकिटाची काय कथा.

शुक्रवार, संध्याकाळी पाचच्या सुमारास : ६७ तास

आर्वीतून कारखानदार निघतो. ठरलेला बेत असा : शनिवारी सकाळी मुंबई, शनिवारी रात्री विमान, रविवारी सकाळी फ्रँकफर्ट, दुपारी रेल्वेने हॅनोव्हर, संध्याकाळी पेटी उघडून स्टॉल मांडायचा. कागदावर चोख. मध्ये मोकळा तास एकही नाही. दोन मुक्काम वाचवले म्हणून तो खूशही होता.

रात्री साडेअकराला म्युनिकही बंद. ६१ तास.

शनिवार, १७ एप्रिल, दुपारी साडेबारा : ४८ तास

युरोपात एरवी शनिवारी २२ हजारांच्या आसपास उड्डाणे होतात. या शनिवारी सुमारे पाच हजार. लुफ्तान्सा प्रवाशांशिवाय दहा विमाने म्युनिकहून फ्रँकफर्टला नेते आणि इजा झाली नाही असे सांगते. विमान कंपन्या ओरडू लागतात की अंदाजाच्या नकाशातली राख आणि खरी राख यांत फरक आहे. नियम मात्र हलत नाही.

मुंबईत कारखानदार काउंटरसमोर उभा. दक्षिण युरोपचे काही विमानतळ उघडे आहेत, शेजारचा कोणी सांगतो : इस्तंबूलला जा, तिथून रस्त्याने. पण हातात शेंगेन व्हिसा, म्हणजे त्या गटातल्या देशांपुरताच. इस्तंबूल ते जर्मनी रस्ता बल्गेरिया, सर्बियातून जातो आणि ते तेव्हा शेंगेनमध्ये नव्हते. माद्रिदचा पर्याय कायद्याने चालतो. तिथून पुढे फ्रान्स ओलांडायचा तर फ्रेंच रेल्वेत संप चालू आहे. जर्मन पासपोर्टवाला मिळेल त्या देशात उतरून टॅक्सी करतो. मर्केलसुद्धा लिस्बनहून पुढे रोमला उतरून तिथून रस्त्याने निघाल्या आणि रविवारी बर्लिनला पोचल्या. भारतीय पासपोर्टवाल्याला आडवाट धरायची तरी आधी शिक्का लागतो.

रविवार, १८ एप्रिल, दुपारी साडेबारा : २४ तास

पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंत्यविधीला ओबामांसह अनेक राष्ट्रप्रमुख पोचू शकलेले नाहीत. हॅनोव्हरमध्ये गालिचे अंथरून झाले आहेत. शेल स्कीमचा स्टॉल संयोजकांनी ठरल्याप्रमाणे उभा केला आहे : तीन भिंती, वर कंपनीच्या नावाची पट्टी, टेबल, दोन खुर्च्या, दिवे. मध्ये बंद पेटी.

कारखानदार एजंटाला फोन करतो : तुम्हीच उघडून मांडा. एजंट नम्रपणे विचारतो : कोणाच्या अधिकारपत्रावर? कार्नेटवर नाव एकच आहे. कोणता गिअर पुढे ठेवायचा, कोणता कापून आतले दात दाखवायचा, किंमत कोणती सांगायची, हे सगळे मुंबईत अडकलेल्या माणसाच्या डोक्यात.

सोमवार, १९ एप्रिल, दुपारी साडेबारा : शून्य

दारे उघडतात. आर्वीच्या स्टॉलवर दिवे लागतात, कारण विजेचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. स्टॉलवर कोणी नाही.

बुधवार, २१ एप्रिल, दुपारी अडीच : शून्यानंतर ५० तास

सोमवारी युरोपच्या वाहतूकमंत्र्यांनी दूरसंभाषणातून तोडगा काढला : दाट राखेत बंदी, विरळ राखेत परवानगी. राखेची मर्यादा प्रथमच आकड्यात आली. बुधवारी जर्मनीचे आकाश पूर्ण उघडले. तोवर एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली होती, सुमारे एक कोटी प्रवासी रखडले होते. विमान कंपन्यांचे नुकसान १.७ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज त्यांच्याच संघटनेने दिला. हॅनोव्हर मेसे शुक्रवारी संपायचे होते. बाउमा रविवारपर्यंत होते म्हणून सावरले. तिथे चार लाखांवर लोक आले, तरी २००७ पेक्षा कमीच.

हिशोब

आपल्या कारखानदाराचे गेले काय? गिअरवर ओरखडाही नाही, म्हणून मालाचा विमा काही देत नाही. सागरी मालविम्याच्या नेहमीच्या कलमांत उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. स्टॉलचे भाडे परत मिळत नाही, कारण प्रदर्शन रद्द झाले नव्हते. कार्नेटची मुदत चालूच, म्हणून न उघडलेली पेटी परत आणण्याचा खर्चही त्याचाच.

ज्वालामुखीला दोष देऊन मोकळे होता येते. पण राख हे निमित्त झाले. २०२० मध्ये बर्लिनचे पर्यटन प्रदर्शन ४ मार्चला उघडायचे होते, ते कोरोनामुळे २८ फेब्रुवारीला रद्द झाले. २०२३ च्या डिसेंबरात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. कारण दर वेळी नवे असते. फसतो तोच, ज्याच्या बेतात मोकळा दिवस नसतो.

म्हणून आर्वी, हिंगणघाट, पुलगाव किंवा कुठल्याही आडगावाहून परदेशी प्रदर्शनाला निघणाऱ्यांना एवढेच सांगणे : माल महिनाभर आधी पाठवता, तर माणूस किमान चार दिवस आधी पाठवा, दोन जण जाणार असाल तर एका विमानाने जाऊ नका. कार्नेटवर दुसरे नाव घाला आणि तिकडच्या एजंटाच्या हाती अधिकारपत्र, मांडणीचा फोटो आणि दरपत्रक आधीच द्या. प्रदर्शन रद्द झाले किंवा तुम्हीच पोचू शकला नाहीत तर पैसे कोण देणार, ते विमा उतरवतानाच लेखी विचारा. हॉटेलचे चार मुक्काम महाग वाटतील, पण रिकाम्या स्टॉलचे भाडे त्याहून महाग पडते.