साग : ऊतिसंवर्धन आणि ऋतुमानानुसार वाढ

साग (टेक्टोना ग्रँडिस). पानगळी इमारती वृक्ष. ठाणे जिल्ह्यात कोन-भिवंडीचा पट्टा गोदामांनी व्यापला असला, तरी शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत साग अजून टिकून आहे.

थंडी सरू लागली की पाने झडतात, उन्हाळाभर झाड बोडके राहते आणि पावसाच्या तोंडावर पालवी फुटते. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. फुलोरा पावसाळ्यात, फळे हिवाळ्यात. हिमालयातील स्प्रूससारखे सूचिपर्णी वृक्ष दिवस लहान होताच वाढ आवरतात. सागाला मात्र थोपवतो तो मुख्यतः कोरडा काळ. म्हणूनच त्याच्या लाकडात स्पष्ट वर्षवलये उमटतात. उष्ण प्रदेशात असे वृक्ष थोडेच. जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा हवामानाशी असलेला संबंध अभ्यासून १९८३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

सागाचे बी मोठे हट्टी. कवच टणक, रुजवण कमी आणि पुढेमागे होणारी. म्हणून रोपवाटिकेत ते आलटूनपालटून भिजवतात, वाळवतात. रोपांचे खोड-मूळ छाटून केलेले ‘स्टंप’ पहिल्या पावसात लावतात. पण परपरागीकरणामुळे बियांपासूनची झाडे एकसारखी निघत नाहीत. त्यातच फुलोरा शेंड्यावर येतो, आणि तो आला की खोडाला फाटे फुटतात. लवकर फुलणारे झाड त्यामुळे सरळ, लांब ओंडका देत नाही. उशिरा फुलणाऱ्या निवडक झाडाची हुबेहूब रोपे हवीत, ती यासाठी.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हास आणि जगन्नाथन यांनी १९८० मध्ये सागाच्या ऊतिसंवर्धनाची, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवण्याची, पद्धत प्रसिद्ध केली. रोपांबरोबरच जुन्या, वाढलेल्या झाडांचे डोळेही त्यांनी वापरले, आणि झाड निवडक आहे की नाही हे ते वाढल्यावरच कळत असल्याने खरी कसोटी तीच होती. निर्जंतुक केलेला डोळा कापून बाटलीतल्या पोषक माध्यमात ठेवला की त्यातून फिनॉल झिरपतात, माध्यम काळवंडते आणि कधीकधी डोळाच मरतो. त्यामुळे सुरुवातीला तो वरचेवर ताज्या माध्यमात हलवावा लागतो. माध्यमातील सायटोकायनिन या संप्रेरकामुळे फुटवे वाढतात, ऑक्सिन या संप्रेरकामुळे मुळे धरतात. मग रोपांना दमट हवेतून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

१९९० च्या दशकात साग लागवडीच्या योजनांनी देशभर गुंतवणूकदारांना भुलवले, तेव्हा जमिनीचा विचार क्वचितच झाला. रोप कितीही निवडक असो, मुळाशी पाणी साचले तर साग खुरटतो. खाडीलगतच्या दलदलीत त्याची लागवड न केलेलीच बरी.