माउंट लॉरेलची वेस

गावगाड्यात कोणी कोठे राहावे हे जन्मावरून ठरत असे. महारवाडा गावकुसाबाहेर का, हे कोणत्या कायद्यात लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. रूढी पुरेशी होती. अमेरिकेत मात्र ही वेस आधी कायद्यात, पुढे नकाशावर आणि शेवटी भूखंडाच्या मोजमापात आखली गेली. ज्या उपनगरांत आज आपली कुटुंबे घरे घेत आहेत, त्यांची घडण या इतिहासातून झाली आहे.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आले. त्याआधी तीनच वर्षे, १९१० मध्ये, बाल्टिमोर शहराने गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीयांना घर घेण्यास बंदी करणारा ठराव केला होता. इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे उच्चशिक्षण घेतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातील पारशी विश्रामगृहातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराच्या खटल्यात असे ठराव घटनाबाह्य ठरविले. निकालाचा आधार मात्र मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचे स्वातंत्र्य हा होता, माणसांची समता हा नव्हता. म्हणून पळवाट मोकळी राहिली.

ती पळवाट म्हणजे झोनिंग, अर्थात कोणत्या जमिनीवर काय बांधावे याचे नगरपालिकेचे नियम. या नियमांत वंशाचा उल्लेख करावा लागत नाही. प्रत्येक भूखंड मोठा हवा, त्यावर एकाच कुटुंबाचे स्वतंत्र घर हवे, एवढे लिहिले की गरीब माणूस आपोआप बाहेर राहतो. १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरविले आणि स्वतंत्र घरांच्या वस्तीतील अपार्टमेंट इमारतीला ‘परोपजीवी’ म्हटले. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे रंगीत नकाशे तयार केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांत लाल रंगाने धोकादायक दाखविल्या गेल्या. वंशावरून घर नाकारण्यास बंदी करणारा केंद्रीय कायदा आला तो एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

माउंट लॉरेलचा लढा यानंतरचा आहे. न्यू जर्सीतील, फिलाडेल्फियाजवळची ही टाऊनशिप. तेथील स्प्रिंगव्हिल भागात कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत होती. घरे मोडकळीस आली होती आणि नव्या महागड्या वसाहतींत त्यांच्या मुलांना परवडेल असे काही नव्हते. एथेल लॉरेन्स या शिक्षिकेच्या पुढाकाराने लोकांनी ३६ साध्या अपार्टमेंटची योजना मांडली. टाऊनशिपने परवानगी नाकारली. १९७० मध्ये महापौरांनी या लोकांच्या चर्चमध्येच येऊन सांगितले की, ज्यांना परवडत नसेल त्यांनी गाव सोडावे. लॉरेन्स आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले.

टाऊनशिपचा युक्तिवाद पैशाचा होता: मुले वाढली की शाळेचा खर्च वाढतो आणि त्याबरोबर प्रॉपर्टी टॅक्स. मार्च १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. राज्यघटनेतील लोककल्याणाच्या तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले की, विकसित होणाऱ्या प्रत्येक गावाने आपल्या परिसरातील अल्प उत्पन्न गटाच्या घरांच्या गरजेचा न्याय्य वाटा उचलला पाहिजे.

निकाल लागला, पण घरे उभी राहिली नाहीत. मुंबई विधिमंडळात बोले ठराव १९२३ मध्ये संमत झाला आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडला जावे लागले, हे जाणणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. १९८३ मध्ये न्यायालयाला आणखी कठोर निकाल द्यावा लागला. १९८५ च्या कायद्याने श्रीमंत गावांना आपल्या वाट्याचा अर्धा भाग पैसे देऊन दुसऱ्या शहरावर ढकलण्याची मुभा दिली. ती २००८ मध्ये रद्द झाली. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या नावाची वसाहत माउंट लॉरेलमध्ये २००० साली सुरू झाली आणि पुढे तेथे १४० घरे झाली.

प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तिच्यामुळे आसपास गुन्हे वाढले नाहीत, घरांच्या किमती घसरल्या नाहीत, करही वाढला नाही. तेथे राहावयास आलेल्या कुटुंबांना मात्र स्थैर्य आणि मुलांना चांगल्या शाळा मिळाल्या.

जात आणि वंश एकच नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही एक साम्य नजरेआड करता येत नाही. गावाला महाराची सेवा हवी असे, शेजार नको असे. आजच्या उपनगरालाही स्कूल बसचा चालक हवा असतो, वृद्धांची शुश्रूषा करणारी परिचारिका हवी असते, दुकानातला कामगार हवा असतो. त्यांनी मात्र रात्री तासाभराच्या अंतरावरील दुसऱ्या शहरात झोपावयास जावे, अशी रचना असते. ज्या शाळेसाठी आपण या गावात घर घेतो, त्या शाळेचे दार त्यांच्या मुलांना मिळत नाही.

२० मार्च २०२४ रोजी न्यू जर्सीत नवा कायदा झाला. २०२५ ते २०३५ या दशकासाठी प्रत्येक टाऊनशिपचा वाटा ठरविण्याची पद्धत त्याने घालून दिली आहे. गावोगावच्या प्लॅनिंग बोर्डांपुढे हे प्रस्ताव येत आहेत आणि येत राहतील. तेथे शाळांवरील ताण, वाहतूक, घरांच्या किमती ही जुनीच कारणे पुन्हा मांडली जातील. कधी ती सद्भावनेनेही मांडली जातील. गटारे आणि रस्ते यांचे प्रश्न खरे असतात आणि ते सोडवावेच लागतात. परंतु अशा सभेत गावकुसाबाहेरून आलेल्यांचा आवाज कोणत्या बाजूने असावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. बाबासाहेबांनी बंधुता हे लोकशाहीचे दुसरे नाव मानले. ती जयंतीच्या व्यासपीठावर जितकी हवी, तितकीच मंगळवारी संध्याकाळी टाऊन हॉलमध्ये हात वर करतानाही हवी. आपल्या गावाचा आराखडा मागवावा, वाचावा, आणि सभेला जावे.

जय भीम.