बाळ रडलं नाही

हा घटनाक्रम कुणा एकीचा नाही. दिवस भरलेल्या बाळाचा मेंदू ऐन जन्मवेळी कसा हातचा जातो, त्याचा आहे. स्थळ विठ्ठलवाडी स्टेशनजवळची कुठलीही खोली धरा.

जन्माआधी सहा तास. कळा सुरू. रिक्षा, जवळचं प्रसूतिगृह. बाळाचे ठोके मिनिटाला 140. 110 ते 160 ठीक.

चार तास. कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून ऑक्सिटोसिन. दर कळेला गर्भाशय आवळतं, वारेकडे जाणारं रक्त अडतं. मधल्या उसंतीत बाळ ऑक्सिजन भरून काढतं. दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा आल्या की उसंतच उरत नाही.

दोन तास. पाणी हिरवट. ‘बाळाने पोटात शी केली,’ आया सांगते. ठोके कळेनंतर 90 वर उतरतात, चढायला वेळ घेतात. ते अर्ध्या-अर्ध्या तासाने, बाळ बाहेर येताना तर दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. कागदावरची शेवटची नोंद मात्र दीड तासापूर्वीची. इथे महागडं यंत्र लागत नाही. कान आणि घड्याळ लागतं. माझ्या मते सगळं इथेच हरलं जातं.

वीस मिनिटं. ठोके 60. मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते, सोडियम आणि पाणी आत शिरतं, पेशी फुगतात. हालचाल सांभाळणारी खोलवरची केंद्रं आधी बळी पडतात. ऊर्जा त्यांनाच जास्त लागते.

जन्म. रडणं नाही. पुसून, पाठ चोळून झालं. मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने श्वास द्यायला हवा. मास्क शोधण्यात तीन मिनिटं.

पुढचे सहा तास. फसवे. रंग सुधारतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. श्रीमंत देशांत याच वेळात, मेंदू वाचावा म्हणून, बाळाला 72 तास गार ठेवायला सुरुवात करतात. आपल्याकडे? शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही सहभागी असलेल्या, याच उपचाराच्या हेलिक्स चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. बाळं 408. गार ठेवलेल्यांत 42 टक्के दगावली, न ठेवलेल्यांत 31. म्हणजे मोठ्या रुग्णालयात वेळेत पोचण्याचा आधारही डळमळीतच.

बारा ते चोवीस तास. झटके. ओठ चाटणं, सायकल मारल्यासारखे पाय. हानीची दुसरी लाट.

सहावा महिना. मान धरत नाही. ‘याचा बापही उशिराच चालला,’ म्हणत आणखी काही महिने जातात. मग निदान: सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या हानीमुळे हालचालींत राहणारा दोष.

सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांमागे असा प्रसंग नसतो, हेही खरं; उगाच डॉक्टरांची कॉलर धरू नका. पण सोबतीला गेलात तर दर अर्ध्या तासाने एवढं जरूर विचारा: ‘सिस्टर, ठोके किती? लिहिलेत का?’