भंगारातून उठलेली लिबरेटर

चंदगडकडे शेतातले जुने ऑईल इंजिन बंद पडले, तर ते लगेच भंगारात जात नाही. मिस्त्री ते उघडतो आणि दुसऱ्या बंद इंजिनातले चांगले भाग त्यात बसवतो. आमच्या भागातली ही रीत भारतीय वायुदलाच्या इतिहासातही केवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, ते वाचून मी थक्क झालो.

'बी-२४ लिबरेटर' हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान २९ डिसेंबर १९३९ रोजी प्रथम उडाले. पंखांचा विस्तार ११० फूट, इंजिने चार. प्रत्येक इंजिनाला १४ सिलिंडर आणि १२०० अश्वशक्ती. ब्रिटिशांनी ही विमाने अमेरिकेकडून युद्धकाळापुरती घेतली होती आणि भारतातून ब्रह्मदेशातील जपानी ठाण्यांवर वापरली. युद्ध संपल्यावर ती परत तरी करायची किंवा निकामी तरी करायची, अशी अट होती. म्हणून कानपूरच्या तळावर अनेक लिबरेटर मोडतोड करून टाकून देण्यात आली.

स्वतंत्र भारताला १९४८ मध्ये जड बॉम्बफेकी विमाने हवी होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने हे भंगार पुन्हा उडवण्याचे काम अंगावर घेतले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने १९४० मध्ये उभारलेला हा कारखाना. युद्धकाळात अमेरिकन सैन्याची विमाने व इंजिने तिथेच दुरुस्त होत. शिवाय लिबरेटरचे इंजिन आणि डाकोटाचे इंजिन एकाच घराण्यातले. त्यामुळे कारागिरांचा हात त्यावर बसलेला होता.

कानपूरला एकाचे भाग दुसऱ्याला लावून विमान एका उड्डाणापुरते तयार करायचे. मग चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ते सुमारे दीड हजार किलोमीटरवरील बंगळूरला नेत. तिथे त्याची संपूर्ण दुरुस्ती होई. अशी सुमारे चाळीस विमाने उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांवरच वायुदलाचे पाचवे स्क्वाड्रन स्थापन झाले. पुढे पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने समुद्रावरील टेहळणीसाठी ती १९६८ पर्यंत वापरली.

जगात १८ हजारांहून अधिक लिबरेटर बनली, पण युद्धानंतर बहुतेक वितळवली गेली. आपली मात्र उडत राहिली, म्हणूनच संग्रहालयांना ती मिळाली. एक १९६९ मध्ये पुण्याहून उडत अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाला गेले, तर एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला. भारतातून गेलेले आणखी एक अमेरिकेत १९८९ मध्ये पुन्हा आकाशात झेपावले.

या हकिगती वाचताना मला वैमानिकाचे नाव मिळाले, विमानांचे क्रमांकही मिळाले. इंजिने उघडणाऱ्या कारागिरांची नावे मात्र मिळाली नाहीत. पुणे, बेळगाव, बंगळूर परिसरातील कुणाचे आजोबा वायुदलात किंवा या कारखान्यात मेकॅनिक असतील, तर त्यांची वही, ओळखपत्र, छायाचित्र जपून ठेवा. छायाचित्राच्या मागे नावे आणि साल आजच लिहा. विमाने वाचली आहेत. ती वाचवणाऱ्यांची नावेही वाचली पाहिजेत.