काळ्या फडक्याआडच्या गिरण्या

मंडळी, न्यू जर्सीहून रूट ७८ धरून पश्चिमेला निघालं की पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडून थोडं पुढे गेल्यावर बेथलहेम नावाचं गाव लागतं. आपल्यापैकी बरेच जण पानगळीचे रंग पाहायला त्याच वाटेने जातात. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका ढगाळ रविवारी आम्हीही निघालो होतो. मुलांना भूक लागली, म्हणून गावात शिरलो आणि समोर गंजलेल्या लोखंडाचा एक डोंगरच उभा राहिला. बेथलहेम स्टीलच्या पाच झोतभट्ट्या, सव्वादोनशे फुटांहून उंच, एकीला एक लागून.

कुंपणाजवळ एक म्हातारे गृहस्थ तिकाटणं लावून उभे होते. तिकाटण्यावर लाकडी पेटी, पेटीला बाजाच्या पेटीसारखा भाता, आणि गृहस्थांचं डोकं काळ्या फडक्यात. मी लालबागचा. शाळेत वर्गाचा फोटो काढायला येणारे फोटोग्राफर थेट असेच फडक्यात शिरायचे, ते आठवलं आणि माझे पाय तिथंच थांबले. गृहस्थांनी फडक्यातून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघायचंय?" मी आत शिरलो. दुधी काचेवर ती अवाढव्य भट्टी उलटी लटकलेली, आकाश खाली, चिमण्या जमिनीकडे. पण एकेक रिव्हेट मोजून घ्यावा इतकी स्पष्ट.

"एक फोटो काढायला किती वेळ लागतो?" मी विचारलं. "आज सकाळपासून दोन झालेत," ते म्हणाले. आमच्या चिरंजीवांनी तोवर मोबाईलवर चाळीसेक काढले होते.

त्या दिवसापासून मला या प्रकाराचा नाद लागला. फोटो काढण्याचा नव्हे हो, तेवढा पैसा आणि पाठीचा कणा माझ्याकडे नाही. बंद पडलेल्या कारखान्यांचे असे फोटो कुणी, का आणि कसे काढून ठेवले, ते वाचण्याचा नाद.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या जुन्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर एक चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं असे. या मोठ्या कॅमेऱ्यात फिल्मचा सुटा कागदाएवढा तुकडा घालतात. सगळ्यात लहान नेहमीचं माप ४ बाय ५ इंच, म्हणजे रोलच्या चित्राच्या पंधरापट क्षेत्रफळ. ८ बाय १० इंचाचंही असतं. एका चपट्या खोक्यात दोनच तुकडे बसतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दुसरी गंमत भात्यात आहे. साधा कॅमेरा उंच चिमणीकडे वर झुकवला की चिमणी मागे पडतेय असं दिसतं. इथे कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फक्त लेन्सची पाटी वर सरकवायची. मग उभ्या रेषा उभ्याच राहतात. इमारतीचं खरं माप सांगणारा फोटो हवा असेल तर हे फार महत्त्वाचं. शिवाय पुढपासून मागपर्यंत सगळं रेखीव यावं म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं, त्यामुळे उजेड कमी आत येतो आणि फिल्म काही सेकंद, अंधाऱ्या शेडमध्ये तर काही मिनिटं उघडी ठेवावी लागते. त्या मिनिटांत समोरून कुणी चालत गेलं तर तो माणूस फोटोत उमटतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

या कामाचा विषय निघाला की पहिलं नाव घ्यावं लागतं ते बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन नवरा-बायकोचं. बर्न्डचा जन्म १९३१चा, झीगन गावातला. आसपास लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या, नात्यातली माणसं त्यांतच कामाला. तो मुळात चित्रकार. १९५७ साली गावाकडची एक खाण बंद पडून पाडायला काढली, तेव्हा तो तिचं चित्र काढायला बसला. पण त्याची पेन्सिल चालायची त्याहून पाडणाऱ्यांचे हात भराभर चालायचे! चित्र अर्धवट असतानाच इमारत गायब होऊ लागली, म्हणून निव्वळ नाइलाजाने त्याने कॅमेरा हातात घेतला. हिलाचा जन्म १९३४चा, पॉट्सडॅमचा. ती मात्र रीतसर शिकलेली फोटोग्राफर. ड्युसेलडॉर्फमध्ये दोघांची गाठ पडली, १९५९पासून एकत्र काम सुरू झालं आणि १९६१मध्ये लग्न. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, २००७ साली बर्न्ड जाईपर्यंत, दोघांनी मिळून एकच काम केलं. खाणींच्या तोंडावरचे मनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, कोळशाचे बंकर, गॅसच्या टाक्या. फोक्सवॅगनची व्हॅन, शिड्या आणि पेट्या. मुलगा झाल्यावर तोही बरोबर.

त्यांचे नियम पाहून मला आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर आठवतात. ऊन नको, ढगाळ आभाळच हवं, म्हणजे सावल्या पडत नाहीत. मधोमध इमारत. शक्यतो थोड्या उंचीवरून, म्हणून शिड्या. फोटोत माणूस नको. आणि प्रत्येक वेळी अगदी तसंच. मग एकाच प्रकारच्या नऊ, बारा किंवा पंधरा टाक्या शेजारी शेजारी मांडायच्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ते पुस्तक चाळलं तेव्हा मला कंटाळा आला होता. काय त्या टाक्या न् टाक्या! पण थोडा वेळ पाहत राहिलं की एकेक टाकी वेगळी व्हायला लागते, लग्नाच्या ग्रुप फोटोत मावशांचे चेहरे हळूहळू ओळखू यावेत तशी. १९७० साली त्यांचं जे पुस्तक आलं त्याच्या नावाचा अर्थच 'अनामिक शिल्पं' असा आहे. आणि गंमत म्हणजे १९९० साली व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना सुवर्णसिंहाचं पारितोषिक मिळालं ते शिल्पकलेसाठी.

पण त्यांचं काम नुसतं कलादालनात अडकलं नाही. डॉर्टमुंडजवळ त्सोलर्न नावाची कोळशाची खाण होती. तिच्या यंत्रघराचं रंगीत काचांचं दार एखाद्या नाटकगृहाला शोभेल असं. १९६९च्या सुमारास तेही पाडायचं ठरलं. ते वाचवायला जी मंडळी उभी राहिली त्यांत बेखर दांपत्य पुढे होतं, आणि यंत्रघर वाचलं. आज तिथे संग्रहालय आहे.

सत्तरच्या दशकात हे दोघे आपल्या या पेनसिल्व्हेनियातही येऊन गेले. कंपन्यांच्या मोठ्या खाणी बंद झाल्यावर बेकार कामगारांनी इथे स्वतःच लहान लहान खड्डे खणून कोळसा काढायला सुरुवात केली होती. कोळसा वर ओढून चाळायला त्यांनी जुनी लाकडं ठोकून मचाणं उभारली, मोडक्या ट्रकची इंजिनं जोडली. कुठे नकाशा नाही, इंजिनियर नाही. बेखरांनी या वेड्यावाकड्या मचाणांनाही तोच ढगाळ उजेड आणि तीच सरळ रेषा दिली, जी जर्मनीतल्या भट्ट्यांना दिली होती. मला त्यांचं हे काम सगळ्यात जास्त आवडतं.

अमेरिकेच्या सरकारनेही हे काम अंगावर घेतलं. १९६९मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस, सिव्हिल इंजिनियरांची संस्था आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनियरिंग रेकॉर्ड सुरू केलं. पूल, गिरण्या, भट्ट्या, धरणं यांचे मोजून काढलेले नकाशे, लिखित इतिहास आणि मोठ्या फिल्मवरचे फोटो अशी त्याची तिहेरी रचना. डिजिटल कॅमेरे घरोघरी आल्यावरही कित्येक वर्षं इथे फिल्मचाच आग्रह राहिला, कारण नोंद ५०० वर्षं टिकली पाहिजे अशी अट. आपल्या घरातल्या व्हिडिओ कॅसेटी आणि सीड्यांचं वीस वर्षांत काय झालं ते आठवा, म्हणजे अट पटेल. हे फोटो इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतात.

इमारत टिपली, पण माणसांचं काय? न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी अमॉस्केग नावाची कापडगिरणी होती, एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांत गणली जाणारी, भरभराटीच्या काळात सतरा हजार कामगारांची. १९३०च्या दशकात ती बंद पडली. साठच्या दशकात तिचे भाग पाडले जाऊ लागले तेव्हा रँडॉल्फ लँगनबाख या तरुणाने तिचे फोटो काढले. पुढे इतिहासकार तमारा हारेवेन यांनी हयात असलेल्या जुन्या कामगारांना बोलतं केलं, आणि १९७८ साली दोघांचं पुस्तक आलं. त्यात इमारतही आहे आणि आवाजही.

ते वाचताना मन सारखं लालबाग-परळला जात होतं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक, साळखात्यातले. ते परत कामावर गेलेच नाहीत. मग १९९१चे विकासनियम, २००१मधला त्यांतला बदल, २००६चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि बघता बघता चिमण्यांच्या जागी टॉवर. बेथलहेमलाही २००९मध्ये स्टीलच्या जागेवर कसिनो आलाच, पण निदान भट्ट्या तरी उभ्या आहेत. गिरणगावातल्या माणसांचे आवाज नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी जपले, त्यांचं पुस्तक २००४ साली आलं. पण वडिलांच्या खात्याचा फोटो? आमच्या घरात एकही नाही. बाबांचा एकुलता एक जुना फोटो आहे तो स्टुडिओतला, मागे रंगवलेला ताजमहाल.

बाबा एकदा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. दुपारी त्यांना करमेना, म्हणून मी लॅपटॉपवर त्या सरकारी संग्रहातला न्यू इंग्लंडमधल्या एका कापडगिरणीचा फोटो लावला. मोकळा मजला, दोन्ही बाजूंना खिडक्या, लोखंडी खांब, बस्स. मला वाटलं पाहतील आणि चहा मागतील. पण ते चष्मा पुसून पुढे सरकले. "जरा मोठं कर." मी केलं. "अजून." मोठ्या फिल्मचा गुण असा, की कितीही जवळ गेलं तरी काहीतरी शिल्लकच असतं. फळ्यांवर बोल्टांची भोकं दिसायला लागली, तेलाचे काळे डाग दिसायला लागले. बाबा बोटाने मोजू लागले.

"हे बघ, इथं साचा. हा दुसरा, पाठीला पाठ लावून. मधे ही गल्ली, इथनं साचेवाला फिरणार. धोटा निसटला तर हितं लागायचा." त्यांनी कोपराखालचा व्रण दाखवला. तो व्रण मी लहानपणापासून पाहत होतो, पण कशाचा ते कधी विचारलं नव्हतं. मग वर छताकडे बोट नेलं. "हा दांडा, याच्यावरनं पट्टे खाली यायचे. आमच्यात नंतर मोटरी आल्या."

"माणसं का नाहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गिरणी तेव्हा बंदच होती. शिवाय हा कॅमेरा मिनिटभर उघडा राहतो, कुणी चालत गेलं असतं तरी दिसलं नसतं.

"चालणारा नाही दिसणार," बाबा म्हणाले, "पण साच्यापाशी उभा असलेला दिसला असता की." आणि परत वाकून मोजायला लागले. अठ्ठेचाळीस साचे भरले. चहा तोवर गार झाला होता.