शस्त्रक्रियेचा तास, चिनी भाषेत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका शाळेच्या सभागृहात शिक्षकांपुढे बोलण्याची वेळ आमच्यावर आली होती. विषय होता निर्जंतुकीकरण. तक्ते आणि पारदर्शिका मुंबईत तयार केलेल्या, तिथल्या श्रोत्यांना आवडलेल्या. तास संपल्यावर एका बाईंनी शांतपणे विचारले, "आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात. त्यांच्या तोंडी हा शब्दच बसत नाही. मग पुढचं कसं सांगायचं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. परतीच्या गाडीत मात्र आठवले, की याच गावच्या एका माणसापुढे हाच प्रश्न फार बिकट रूपात उभा राहिला होता.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईला झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. त्यांची कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक झाली. आघाडीवरचे डॉक्टर म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. शिक्षक म्हणून मात्र त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आठव्या रूट आर्मीची एक वैद्यकीय शाळा होती. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांनी तिच्यासाठी खटपट केली होती. १९३९ च्या नोव्हेंबरात जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. कोटणीस १९४० मध्ये या भागात आले. १९४१ च्या जानेवारीत ते बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि शाळेतही शिकवू लागले.

समोर बसलेले बहुतेक शेतकऱ्यांची मुले. शालेय शिक्षण बेताचे, इंग्रजीचा गंध नाही. औषधांचा कायम तुटवडा. शत्रू जवळ आला की जखमींना घेऊन डोंगरात शिरायचे. मुंबईच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे इथे काय होणार? बेथून दुभाष्याच्या मदतीने काम करत. पण दुभाष्यामार्फत शिकवताना वेळ दुप्पट लागतो, आणि विद्यार्थ्याची शंका शिक्षकापर्यंत पोहोचेतो बोथट होते. कोटणीसांनी चिनी भाषाच शिकून घेतली, बोलण्यापुरती नव्हे, तर वाचण्या-लिहिण्यासाठीही. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांच्या गावात जन्मलेल्याला परक्या भाषेचा धसका कमी असावा, असे आपले आम्हाला वाटते.

इथे चिनी भाषेची एक गंमत सांगायला हवी. ती परके शब्द सहसा जसेच्या तसे उचलत नाही, अर्थावरून नवे घडवते. निर्जंतुकीकरणाला चिनी शब्द आहे 'शियाओदू': 'शियाओ' म्हणजे नाहीसे करणे, 'दू' म्हणजे विष. भूल देण्याला 'मात्सुई': पहिले अक्षर बधिरपणाचे, दुसरे नशेचे. खेड्यातल्या पोराला शब्द ऐकताच निम्मा अर्थ लागतो. म्हणजे इंग्रजीतून शिकलेल्या डॉक्टरला नुसते भाषांतर करून भागणार नव्हते. प्रत्येक कल्पना विद्यार्थ्याच्या बाजूने पुन्हा पाहावी लागणार होती. त्या बाईंना आम्ही पत्राने एवढेच कळवले, की आधी 'जंतू मारणे' म्हणा, मुलांकडून तेलुगू शब्द मागवा आणि पुस्तकातला शब्द सर्वांत शेवटी फळ्यावर लिहा. आमच्या पारदर्शिकांत तो पहिल्याच ओळीत होता.

शिकवता शिकवता कोटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेची सामान्य तत्त्वे सांगणारे पुस्तक तयार केले आणि तपशिलाचे दुसरे हाती घेतले. दरम्यान अपस्माराचे झटके येऊ लागले होते. काम थांबले नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले.